‘सायलेन्स’ : कादंबरी, चित्रपट आणि आपली श्रद्धा

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण पत्करले. परंतु त्याच भूमीत पुढे झालेल्या छळात सारेच रक्तसाक्षी ठरले नाहीत. यातनांपुढे हार मानून श्रद्धा नाकारणारेही होते. त्यांचे काय? जपानी कॅथलिक साहित्यिक शुसाकू एन्डो ह्यांनी १९६६ साली ‘चिन्मोकू’ ह्या कादंबरीत हाच प्रश्न मांडला. ‘चिन्मोकू’ म्हणजे मौन. तिच्यावर मार्टिन स्कोर्सेसी ह्यांनी २०१६ साली ‘सायलेन्स’ हा चित्रपट काढला.

धर्मगुरूला प्रभूच्या प्रतिमेवर पाय ठेवताना दाखवणारा चित्रपट श्रद्धावंतांनी पाहावा का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी कथा समजून घेऊ या.

सतराव्या शतकात येशूसंघीय फादर रॉड्रिग्ज आपले गुरू फादर फरेरा ह्यांच्या शोधात लपूनछपून जपानमध्ये उतरतात. फरेरा ही इतिहासातील व्यक्ती असून त्यांनी १६३३ साली छळाखाली श्रद्धेचा त्याग केला होता. संशयित ख्रिस्ती व्यक्तींना ‘फुमिए’ म्हणजे येशूची किंवा मरियेची प्रतिमा तुडवावयास लावीत. रॉड्रिग्ज पकडले जातात. कोठडीत रात्री त्यांना घोरण्याचा आवाज येतो. वस्तुतः ते खड्ड्यात उलट्या टांगलेल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचे कण्हणे असते. धर्मगुरूंनी प्रतिमेवर पाय ठेवला, तरच त्यांची सुटका होणार असते.

कादंबरीची आरंभीची प्रकरणे रॉड्रिग्ज ह्यांची पत्रे आहेत, तर शेवट एका सरकारी अधिकाऱ्याच्या कोरड्या नोंदींनी होतो. त्यामुळे वृद्ध रॉड्रिग्ज ह्यांच्या अंतःकरणात काय उरले होते, हे वाचकाला त्या नोंदींमधून शोधावे लागते. चित्रपटात मात्र अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या तळहातात दडवलेला एक छोटा क्रूस ज्वाळांमध्ये दिसतो. हे दृश्य मूळ पुस्तकात नाही. स्कोर्सेसींनी कथेशी प्रतारणा केली असे आम्ही म्हणणार नाही, कारण प्रभूने ह्या माणसाला सोडले नाही, हा एन्डो ह्यांचाच विश्वास ते दृश्यरूप करतात. तरीही एन्डो जे उत्तर वाचकावर सोपवतात, ते कॅमेरा स्वतःच देऊन टाकतो. आम्हांला कादंबरीचा शेवट अधिक खोल वाटतो. उलट पार्श्वसंगीत जवळजवळ टाळून वारा, लाटा आणि किड्यांची किरकिर ऐकवणारा चित्रपट देवाचे मौन जसे अनुभवास आणून देतो, तसे शब्दांना साधणे कठीण आहे.

श्रद्धा नाकारणे योग्य, असे ख्रिस्तसभा कधीच शिकवत नाही. रक्तसाक्षींचा मान अबाधित आहे. मात्र पेत्रानेही प्रभूला तीनदा नाकारले होते, हे आपण विसरू नये. कथेतील किचिजिरो पुन्हापुन्हा पडतो आणि पुन्हापुन्हा पापनिवेदनासाठी येतो. त्याचा तिटकारा करणारा धर्मगुरू अखेरीस त्याच्याच पंक्तीला येऊन बसतो. दयेची गरज कोणाला नाही?

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. प्रौढांनी जमल्यास आधी पुस्तक वाचावे, मग चित्रपट पाहावा आणि नंतर चार जणांत बसून बोलावे. संत गोन्सालोंच्या धैर्यासाठी देवाचे आभार मानताना, ज्यांना ते धैर्य लाभले नाही त्यांच्यासाठीही आपण प्रार्थना करावी. त्या छळात आपण असतो तर कोणाच्या बाजूला उभे राहिलो असतो, हे आपल्यापैकी कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही.