कोल्हापूरचं विमान कधी सुरू, कधी बंद का होतं? समजून घ्या उजळाईवाडी विमानतळाचं गणित

कोल्हापूर : ‘कोल्हापूरची विमानसेवा बंद’, ‘विमानसेवा पुन्हा सुरू’ या दोन बातम्या जिल्ह्यातल्या लोकांना आता पाठ झाल्या आहेत. एवढी जुनी धावपट्टी, नवीन इमारत, तरी विमान टिकत का नाही, असा प्रश्न गावोगावी विचारला जातो. काही जण नेत्यांना दोष देतात, काही कंपन्यांना. खरं कारण मात्र धावपट्टीची लांबी, मुंबईतली गर्दी, सरकारी अनुदान आणि विमानतळाभोवतीची गावं या सगळ्यांत आहे.

संस्थानच्या काळातली सुरुवात

कोल्हापूरला विमान आलं ते स्वातंत्र्याच्या आधी. राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांनी उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभा केला. ५ जानेवारी १९३९ रोजी तो सुरू झाला. त्या काळी देशातल्या मोठमोठ्या शहरांतही विमान ही नवलाईची गोष्ट होती. म्हणूनच या विमानतळाला राजाराम महाराजांचं नाव द्यावं, अशी मागणी कोल्हापूरकर करत आले आहेत.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे ऐंशीच्या दशकात राज्य सरकारने इथे १३७० मीटर लांबीची पक्की धावपट्टी केली. नंतर विमानतळ एमआयडीसीकडे गेला आणि शेवटी केंद्राच्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. मालक बदलत गेले, धावपट्टी मात्र बरीच वर्षं तेवढीच राहिली. खरी अडचण तिथेच होती.

१३७० मीटरने काय अडतं?

विमानाला उडण्याआधी ठराविक वेग घ्यावा लागतो. तो वेग येईपर्यंत जमीन संपता कामा नये. शिवाय ऐनवेळी काही बिघडलं, तर ब्रेक लावून थांबायलाही जागा उरली पाहिजे.

त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवा विरळ असते, उन्हाळ्यात तापली की आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते. म्हणजे मुंबईला जेवढं धावून विमान उडेल, त्यापेक्षा इथे जास्त धावावं लागतं.

मग छोट्या धावपट्टीवर कंपनीपुढे दोनच वाटा उरतात. एक तर लहान विमान आणायचं, नाहीतर वजन कमी करायचं. वजन कमी म्हणजे प्रवासी कमी, सामान कमी किंवा इंधन कमी. सत्तर जागांच्या विमानातल्या काही जागा रिकाम्या ठेवून उडायचं म्हटलं, तर खर्च तोच आणि कमाई कमी. धंदा बसणार कसा?

म्हणून धावपट्टी वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं. ती आधी १९३० मीटरपर्यंत नेली गेली आणि पुढे २३०० मीटरचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. मोठी जेट विमानं यायची तर एवढी लांबी लागतेच. दगडी कमानींच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झालं. पण इमारत कितीही देखणी असली, तरी विमान उतरतं ते धावपट्टीवर.

‘उडान’ योजना आणि तीन वर्षांचं गणित

२०११ नंतर काही वर्षं कोल्हापुरात एकही नियमित प्रवासी विमान नव्हतं. ‘उडान’ योजनेमुळे एप्रिल २०१८ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. त्यानंतर हैदराबाद, बंगळुरू आणि तिरुपतीची विमानंही आली. अंबाबाई आणि बालाजी अशी दोन्ही देवस्थानं जोडली गेल्याने तिरुपतीच्या सेवेचं लोकांना विशेष अप्रूप होतं. पुढे मुंबईच्या मार्गावर ‘स्टार एअर’ही आली. ही कंपनी हातकणंगले तालुक्यात अतिग्रे इथे शिक्षणसंकुल असलेल्या घोडावत समूहाची आहे.

‘उडान’ चालते कशी? विमानातल्या साधारण निम्म्या जागा स्वस्तात विकायच्या. योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला सुमारे २५०० रुपये दर ठरवला होता. त्यात कंपनीला होणारी तूट सरकार भरून देतं. या तुटीतला ८० टक्के वाटा केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याकडून येतो. केंद्राचा हा निधी मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवर शुल्क लावून जमवला जातो. शिवाय विमान उतरवण्याचं शुल्क माफ असतं आणि इंधनावरचा करही नाममात्र असतो.

गोम अशी की ही मदत तीनच वर्षं मिळते. चौथ्या वर्षी कंपनीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. तोपर्यंत पुरेसे प्रवासी रोज मिळायला लागले असतील तर विमान राहतं, नसतील तर तेच विमान दुसऱ्या फायद्याच्या मार्गावर जातं. छोट्या शहरांतल्या सेवा अचानक बंद होण्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

मुंबईत जागा नाही

कोल्हापूरकरांना सगळ्यात जास्त गरज मुंबईच्या विमानाची. पण मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथे प्रत्येक विमानाला उतरण्याची वेळ ठरवून दिलेली असते, तिला ‘स्लॉट’ म्हणतात. सकाळ-संध्याकाळचे सोयीचे स्लॉट मिळणं फार अवघड. दुपारी मुंबईत पोहोचणारं विमान मंत्रालयातल्या किंवा दवाखान्यातल्या कामाला काय उपयोगाचं? मग माणूस रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडतो आणि सकाळी मुंबईत उतरतो.

पाऊस आणि अंधार

रात्री विमान उतरवायचं तर धावपट्टीच्या कडेने दिवे लागतात. उतरण्याचा कोन बरोबर आहे का, हे वैमानिकाला सांगणारे लाल-पांढरे दिवेही लागतात. ही सोय कोल्हापुरात नंतर झाली. त्याआधी दिवस मावळला की विमानतळही बंद.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. नुसत्या नजरेच्या भरवशावर विमान उतरवायचं असेल, तर साधारण ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. त्यापेक्षा कमी दिसत असेल तर यंत्रांची मदत लागते. इथला जुलै-ऑगस्टचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना विमान माघारी का फिरतं हे वेगळं सांगायला नको.

शेजारच्या गावांनी काय लक्षात ठेवावं?

उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव, तामगाव, नेर्ली, गडमुडशिंगी ही गावं विमानतळाला लागून आहेत. विस्तारासाठी जमिनी आणि रस्ते इथल्याच लोकांचे गेले. ज्यांची जमीन गेली त्यांना विमानाचा आवाज रोज ऐकू येतो, पण तिकीट काढायची वेळ क्वचित येते. त्यामुळे पर्यायी रस्ता, मोबदला आणि स्थानिकांना काम हे गावकऱ्यांचे प्रश्न विमानतळाच्या हिशेबाबाहेरचे नाहीत.

याशिवाय काही नियम थेट गावाशी संबंधित आहेत :

- बांधकाम : विमानतळाच्या २० किलोमीटरच्या परिसरात इमारत, टॉवर किंवा चिमणी यांच्या उंचीवर मर्यादा येऊ शकते. रंगांच्या नकाशावर आपलं गाव कोणत्या पट्ट्यात येतं, ते पाहून मगच मजला वाढवावा. गरज असेल तिथे प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला ऑनलाइन मिळतो.
- कचरा : १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर जनावरं कापणं किंवा पक्षी जमतील असा कचरा टाकणं याला मनाई आहे. एक घार इंजिनात शिरली तरी विमान धोक्यात येतं.
- ड्रोन : शेतात फवारणी असो की लग्नाचं शूटिंग, विमानतळाजवळ परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहावा.
- धूर : पाचट पेटवल्याचा दाट धूर धावपट्टीकडे गेला तर वैमानिकाला दिसत नाही.

मग विमान टिकेल कसं?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचा रस्ता कित्येक दिवस तुटला. रस्ता आणि रेल्वे दोन्ही अडतात तेव्हा जवळ विमानतळ असण्याची किंमत कळते. त्यामुळे हा फक्त पैसेवाल्यांच्या सोयीचा विषय नाही.

धावपट्टी लांबली की वजनाची अट सैल होते, मोठं विमान येतं आणि एका तिकिटावर पडणारा खर्च कमी होतो. पण अनुदान संपल्यावर विमान टिकवायचं तर दोन गोष्टी लागतात : वर्षभर भरणाऱ्या जागा आणि मुंबईत कामाच्या वेळेचा स्लॉट. पुढच्या वेळी ‘नवीन विमानसेवा सुरू’ अशी बातमी आली, की मुंबईत पोहोचण्याची वेळ काय आणि अनुदान किती वर्षांचं, एवढं विचारावं. सेवा किती टिकेल याचा अंदाज तेवढ्यावरूनच येतो.