पात्याचं घर

घडीच्या चाकूचं पातं मिटल्यावर मुठीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसायला हवं. ते एका अंगाला कललं की दर वेळी मिटताना पट्टीला घासतं आणि टोकाजवळची धार उडते. पेरू कापायला खिशात चाकू ठेवणाऱ्याला त्याचं फारसं काही वाटणार नाही. ज्याची संत्र्याची कलमं त्या चाकूवर अवलंबून आहेत, त्याला मात्र धारेतली केसाएवढी खाचही महागात पडते. साल कापली जाण्याऐवजी फाटते, सालीखालचा ओला थर चिरडतो आणि तीन-चार आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावं, तर बांधलेला डोळा काळा पडलेला असतो.

संपादकांनी मला यवतमाळला पाठवलं ते संत्र्याच्या बागांवर लिहायला. भाव, पाणी, फळगळ हे विषय ठरलेले होते. नेरकडच्या एका बागायतदारानं बोलता बोलता खिशातून कलमाचा चाकू काढला, उघडला, मिटला आणि म्हणाला, "आता सरळ मिटते. मामानं करून देला." चाकू सरळ मिटल्याचा इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. या मामांचा ठिकाणा विचारत मी यवतमाळच्या आठवडी बाजारात पोचलो आणि फळगळ मागे पडली.

आधी थोडी पार्श्वभूमी. विदर्भातल्या संत्र्याचा मुख्य पट्टा अमरावती जिल्ह्यातला, वरुड-मोर्शीचा; कलमांसाठी नावाजलेलं शेंदुरजनाघाट वरुड तालुक्यात आहे. यवतमाळची ओळख कापसाची. तरी नेर, दारव्हा, बाभूळगाव, कळंब या बाजूंना संत्र्याच्या बागा आहेत आणि डोळे बांधणारी माणसंही आहेत. खुंटासाठी लावलेलं जंबेरीचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून साधारण ९ इंचांवर त्याच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची. साल हलकेच उचलायची आणि चांगल्या झाडाच्या डोळकाडीवरून काढलेला डोळा तिच्याआड सरकवून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधायचा. ९ इंचांची उंची अशासाठी, की पावसात उडणाऱ्या मातीबरोबर डिंक्याची बुरशी कलमाच्या जोडापर्यंत पोचू नये. डोळकाडी कोणत्या झाडाची घ्यावी, खुंट कोणता वापरावा, यावर नागपूरला १९८५ साली सुरू झालेल्या लिंबूवर्गीय संशोधन केंद्रानं बरंच काम केलं आहे. हे सगळं छापील माहितीपत्रकांत मिळतं. चाकूला मात्र त्यांत 'धारदार व स्वच्छ असावा' यापलीकडे जागा मिळत नाही.

खुद्द घडीच्या चाकूचा इतिहास रोमन काळाच्याही मागे जातो. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला असे चाकू पुरवायला सुरुवात केली, तर फ्रान्सच्या सव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा साधा शेतकरी चाकू घडवला. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की रामपूर आठवतं, आणि दुर्दैवानं मारामारीही आठवते. कलमाचा चाकू त्यांचाच भाऊबंद, पण स्वभावानं निराळा. पातं बोटाहून थोडंच लांब, आणि सोबत साल उचलायला एक बोथट जीभ.

मामा चाकूंवर जगत नाहीत. त्यांचं पोट चालतं ते कात्र्यांवर आणि अडकित्त्यांवर. खर्र्याच्या मुलुखात सुपारी कातरायला अडकित्ता लागतोच, आणि अडकित्त्याचं दुखणं चाकूसारखंच: दोन अंगं, मध्ये एक खिळा, आणि तो खिळा ढिला झाला की दोन्ही अंगं एकमेकांना चुकवू लागतात. पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हाती सोपवलेल्या संग्रहालयात कितीतरी घाटांचे अडकित्ते मांडलेले आहेत. ते पाहताना आपलं लक्ष मोर, पोपट, घोडे यांच्या आकारांवर जातं. मामांच्या शेजारी बसल्यावर कळतं, की कारागिराची खरी कसोटी त्या बारक्या खिळ्यात आहे.

त्यांची बैठक म्हणजे एक पोतं, रुळाचा तुकडा कापून केलेली ऐरण, लाकडी तोंडाचा छोटा शिकंजा, दोन हातोड्या, कानशी, घासलेटची वाटी, पितळी पत्र्याची कात्रणं आणि काजळीची डबी. मी गेलो तेव्हा त्यांच्या हातात एक कललेला चाकू होता. मी तो मागून घेतला, मिटला आणि धार कुठं बसते ते पाहून म्हणालो, की पातं डावीकडे गेलंय.

"धार नोका पाहू भाऊ," मामा म्हणाले. "पाठ पाहा."

या एका वाक्यात कलमाच्या चाकूचं अर्धं शास्त्र आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी धार असते, त्यामुळे धारेची रेघ पात्याच्या मधोमध येते. कलमाच्या चाकूला बहुधा एकाच अंगानं धार लावतात आणि दुसरं अंग सपाट ठेवतात, म्हणजे डोळा काढताना काप सपाट येतो. डावखुऱ्यांसाठी उलट बाजूचे चाकू मिळतात ते याचमुळे. अशा पात्याची धार मुळातच एका कडेला असते. पातं अगदी मधोमध बसलं असलं तरी धारेकडे पाहणाऱ्याला ते कललेलंच दिसणार. ज्याला हे ठाऊक नाही तो चांगला चाकू ठोकून वाकडा करतो. मामांकडे येणाऱ्या चाकूंतले बरेच असे 'दुरुस्त' होऊन आलेले असतात.

त्या दिवशीचा चाकू खरोखर कलला होता. पाठीची रेघ डाव्या पट्टीकडे गेली होती. मामांनी पातं अर्धं उघडलं, मूठ एका हातात धरली आणि अंगठ्यानं पातं आडवं दाबलं. किंचित हललं. आडवं हालणारं पातं म्हणजे ढिला खिळा. न हालता नुसतंच कललेलं असेल तर दुखणं दुसरीकडे: पातं आणि पट्टी यांच्यामधली चकती एका बाजूनं झिजलेली, पट्टी वाकलेली, नाहीतर आत चीक आणि माती घट्ट बसलेली. म्हणून पहिलं काम सफाईचं. चाकू घासलेटात बुडवून ठेवला, उघडमीट केली, आतून काळसर घाण सुटून आली, फडक्यानं पुसला. बरेच चाकू एवढ्यावरच सरळ होतात, आणि त्याचे मामा पैसे घेत नाहीत.

हा सरळ झाला नाही. मग त्यांनी पात्याच्या मुळाला दोन्ही बाजूंनी काजळी लावली, चाकू काही वेळा उघडला-मिटला आणि उजेडात धरला. डाव्या अंगाला खिळ्याच्या वरच्या भागातली काजळी पुसली गेली होती, उजव्या अंगाला खालच्या. पातं नुसतं सरकलं नव्हतं, तिरपं झालं होतं. हा फरक महत्त्वाचा आहे. मुळाशी पातं दशांश एक मिलिमीटर सरकलं तर टोकही तेवढंच सरकतं, डोळ्याला दिसतही नाही. तिरपेपणाचं तसं नाही. पातं मुळाशी १० मिलिमीटर रुंदीच्या जागेवर टेकलेलं आणि टोक तिथून ६० मिलिमीटरवर असेल, तर मुळाशी पडलेला दशांश एक मिलिमीटरचा फरक टोकाला सहापट होतो. अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. पट्टीला घासायला तेवढं पुरतं.

मामांनी हे गणित कधी मांडलं नसेल, पण त्यांचा हात त्या मापानंच चालतो. चाकू ऐरणीवर आडवा ठेवून त्यांनी लहान हातोडीनं खिळ्याच्या डोक्यावर टिचक्या मारल्या. मधोमध नाही, कडेकडेनं, गोल फिरत, आणि ज्या बाजूला फट होती तिथं एखादी जास्त. दोन-तीन टिचक्या, मग उघडून पाहणं. पुन्हा टिचकी, पुन्हा पाहणं. जोरानं मारलं तर खिळा आत फुगतो, पातं आवळतं आणि नखानं उघडेनासं होतं. तसं झालं तर पात्याच्या मुळाशी पातळ पत्रा घालून ते थोडं सैल करून घेण्याची सोय आहे, पण ती शेवटची. हलणं थांबलं तरी थोडा कल उरला, तेव्हा त्यांनी लाकडी तोंडाच्या शिकंज्यात मूठ धरून तिला अगदी हलका पीळ दिला. पात्याला हात लावला नाही.

पातं का वाकवत नाही, असं मी विचारलं. पाणी दिलेलं पोलाद वाकत नाही, तुटतं, असं त्यांचं उत्तर. जुन्या घडणीच्या चाकूत पात्याला पाणी दिलेलं असलं तरी मूळ मऊ ठेवलेलं असे, त्यामुळे वाकवायचंच झालं तर फक्त मुळाशी वाकवता येतं. इंग्लंडच्या शेफिल्डमधले कारागीर नेमकं तेच करत. दोन-तीन पात्यांच्या चाकूत पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून ते प्रत्येक पातं मुळाशी जाणूनबुजून किंचित वळवत. त्या परंपरेतले नामवंत कारागीर स्टॅन शॉ २०२१ मध्ये गेले. १४ व्या वर्षी कामाला लागलेले हे गृहस्थ चाकू शेवटपर्यंत एकट्यानं, पहिल्यापासून शेवटापर्यंत स्वतः घडवत. त्यांची दखल त्यांच्या शहरानं घेतली. मामांच्या कामाची नोंद यवतमाळच्या बाजाराबाहेर कुठं आहे?

आता अडचणींकडे येतो, कारण त्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही नव्या आहेत.

पहिली अडचण चांगल्या सल्ल्यातून आली आहे. लिंबूवर्गीय झाडांचे काही रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडाचे दुसऱ्यावर जातात. एक्सोकॉर्टिस हा त्यांतला ठरलेला. म्हणून एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं ब्लिचिंगच्या पातळ द्रावणात बुडवावं असं तज्ज्ञ सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण हेच द्रावण खिळ्यापाशी झिरपून राहतं. साध्या पोलादाला तिथं गंज चढतो, पितळी चकती काळी पडून खरबरीत होते, आणि एका हंगामात चांगला चाकू कलू लागतो. उपाय अवघड नाही: दिवस संपला की गोड्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा. पण बुडवायचं सांगणारे पुष्कळ आहेत आणि धुऊन तेल घालायचं सांगणारं कुणी नाही. गंज चढल्यावर मामांकडे येणाऱ्या चाकूचा खिळा ठोकून काही साधत नाही. तो काढून नवा घालावा लागतो, आणि त्या कामाला नव्या स्वस्त चाकूच्या निम्मे तरी पैसे पडतात.

दुसरी अडचण तो नवा स्वस्त चाकूच. त्याची मूठ प्लास्टिकची असते आणि पातं तिच्यातच दाबून बसवलेलं. हातोडी मारली तर मूठ तडकते. काही चांगल्या चाकूंना आता खिळ्याऐवजी स्क्रू असतो, आणि तो तर घरच्या घरी बसवता येतो. मधला स्क्रू किंचित सैल करायचा, मुठीचे बाकीचे स्क्रू आधी नीट बसवायचे, पातं कललेल्या बाजूच्या उलट हलकेच दाबून धरायचं आणि मधला परत आवळायचा. फार आवळलं तर पातं अडतं; तेवढं उलट फिरवायचं. पण त्या स्क्रूला चांदणीच्या तोंडाचा पेचकस लागतो, आणि तो गावातल्या दुकानात सहज मिळत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत जास्त बोचते. डोळे बांधणारी तरुण मुलं चाकू सोडून मोडायच्या पात्याचा कटर वापरू लागली आहेत. धार गेली की तुकडा मोडून फेकायचा. कारणंही खरी आहेत: स्वस्त आहे, सतत धारदार आहे. एक मुलगा म्हणाला, की खिशात घडीचा चाकू सापडला तर पोलीस काय म्हणतील याची भीती वाटते. शस्त्र कायद्याच्या नियमांत मोजमाप आहे ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचं, आणि त्यांतूनही शेतीच्या व घरगुती कामाची अवजारं वगळलेली आहेत. कलमाचा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कटरचं पातळ पातं कापताना लवतं, काप सपाट येत नाही, साल उचलायला जीभ नसते म्हणून नखं वापरली जातात, आणि मोडलेले तुकडे वाफ्यात पडून राहतात, जिथं बायामाणसं उघड्या हातांनी निंदण करतात.

आणि मामांच्या मागे कोण? त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो आणि बापापेक्षा बरा कमावतो. त्यात वाईट काही नाही. पण कानस धरायला, खिळा बसवायला, भोक काटकोनात पाडायला जिल्ह्यातल्या आयटीआयची फिटरची मुलं शिकतातच. त्यांना हे काम दोन दुपारींत समजेल. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठ रोपवाटिकाधारकांची प्रशिक्षणं घेतात, त्यांत खुंट, डोळकाडी, बुरशीनाशक यांच्यासोबत एक तास चाकूला द्यावा आणि त्या तासाला मामांसारख्या कारागिराला मानधन देऊन बोलवावं. त्यासाठी नवी योजना लागत नाही.

डोळे बांधायचा हंगाम थंडीत येतो. ज्यांच्याकडे कललेला चाकू पडून असेल त्यांनी तो दिवाळीआधी काढावा, घासलेटात भिजवून साफ करावा आणि पाठीची रेघ मध्ये आहे का ते पाहावं. ती मध्ये असेल तर चाकू चांगला आहे, त्याला हात लावू नका. नसेल तर तो घरी ठोकत बसू नका. बाजारात अडकित्ते नीट करणारा जो कुणी बसत असेल त्याच्याकडे न्या, आणि तो मागेल ते पैसे घासाघीस न करता द्या.