हातात तलवार आहे, जादू आहे, तरी पहिल्याच लढाईत पार्टी का मरते? 'बाल्डर्स गेट ३' खेळण्याआधी हे वाचा

स्क्रीनवर लिहिलेलं असतं, वार लागण्याची शक्यता ७५ टक्के. खेळाडू बिनधास्त क्लिक करतो. वार हुकतो. पुढच्या टर्नला परत ७५ टक्के, परत हुकतो. तोपर्यंत समोरच्या गोब्लिनांनी पार्टीतल्या दोघांना आडवं केलेलं असतं. मग माणूस वैतागून म्हणतो, "हा गेमच चीटिंग करतो."

'बाल्डर्स गेट ३' सुरू करणाऱ्या कित्येक नव्या खेळाडूंचा हा अनुभव. यातले काहीजण पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेम सोडून देतात. पण गडबड नशिबात नसते. लढाई सुरू होण्याआधी जे करायला हवं, ते केलेलं नसतं.

नेमकं काय करायचं, ते सविस्तर बघू. (कथेतल्या काही गोष्टी पुढे उघड होतील, एवढं लक्षात ठेवा.)

आधी गेमची ओळख

बेल्जियममधल्या गेन्ट शहरात लारियन स्टुडिओज नावाची कंपनी आहे. स्वेन विंके हे तिचे संस्थापक. या मालिकेचा पहिला गेम आला १९९८ मध्ये, दुसरा २००० मध्ये, ते दोन्ही बायोवेअर कंपनीचे. त्यानंतर तिसरा भाग लारियननं केला आणि ३ ऑगस्ट २०२३ ला तो पूर्ण स्वरूपात कॉम्प्युटरवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला 'गेम ऑफ द इयर' मिळाला.

कथा थोडक्यात अशी. तुमच्या डोक्यात एक किडा सोडलेला आहे. तो वेळेत काढला नाही, तर तुमचा माइंड फ्लेयर नावाचा राक्षस होणार. याच संकटात सापडलेले आणखी काहीजण भेटतात आणि चार जणांची टोळी बनते. लेझेल तलवार चालवते, शॅडोहार्ट देवीची उपासक आहे, अ‍ॅस्टेरियन चोरपावलांनी फिरतो आणि गेल जादूगार आहे.

लढाईचे नियम 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवरून घेतलेत. म्हणजे प्रत्येक वारामागं वीस बाजूंचा एक फासा पडत असतो. फाशात जे येईल त्यात तुमचं कौशल्य मिळवायचं. ती बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली, की वार लागला.

फासा आपल्या बाजूनं कसा वळवायचा?

समजा वार लागायला फाशावर ११ किंवा जास्त यायला हवेत. म्हणजे शक्यता ५० टक्के. आता हाच धनुर्धारी उंचावर चढवला, तर गेम त्याला २ गुण जास्त देतो. शक्यता झाली ६० टक्के. खालून वर बाण मारला तर २ गुण कापले जातात, म्हणजे ४० टक्के. एका टेकाडाचा फरक २० टक्क्यांचा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे 'अ‍ॅडव्हान्टेज'. यात फासा दोनदा पडतो आणि त्यातला मोठा आकडा धरला जातो. ५० टक्क्यांचा वार थेट ७५ टक्क्यांवर जातो. लपून मारलेला वार, जमिनीवर पडलेल्या शत्रूवर जवळून केलेला वार, अशा वेळी हा फायदा मिळतो. उलट शत्रू अगदी अंगाशी आलेला असताना धनुष्य चालवलं, की 'डिसअ‍ॅडव्हान्टेज' लागतं. फासा दोनदा पडतो, पण छोटा आकडा धरतात आणि ५० चे २५ टक्के होतात.

शॅडोहार्टकडे 'ब्लेस' नावाचा मंत्र असतो. नवे खेळाडू त्याच्याकडे बघतही नाहीत, कारण त्यानं कुणालाही जखम होत नाही. पण तो तिघांच्या प्रत्येक वारात १ ते ४ गुण वाढवतो. सरासरी काढली तर अडीच गुण, म्हणजे १२ टक्क्यांच्या आसपास. तेही एका मंत्रात, तिघांना.

फक्त एक अट आहे. ब्लेससारखे मंत्र एकाग्रतेवर चालतात. एका वेळी असा एकच मंत्र टिकतो. मंत्र धरून ठेवणाऱ्याला मार बसला, तर तो तुटूही शकतो. म्हणून ब्लेस टाकून शॅडोहार्टला मागं ठेवायचं. तिला पुढं घुसवलं की मंत्रही गेला आणि तीही गेली.

अर्धमेला शत्रूही पूर्ण ताकदीनं मारतो

हे एक वाक्य पाठ केलं, तरी निम्म्या लढाया सोप्या होतील.

समजा समोर चार गोब्लिन आहेत आणि प्रत्येकजण दोन वारांत मरतो. तुमच्या चौघांनी एकेक गोब्लिन वाटून घेतला आणि प्रत्येकानं एकेक वार केला. निकाल काय? चारही गोब्लिन जखमी, पण चारही जिवंत. त्यांच्या पाळीला तुमच्यावर चार वार येणार.

आता चौघांनी मिळून दोघांनाच धरलं. दोन गोब्लिन मेले. तुमच्यावर येणार दोनच वार. मेहनत तेवढीच आणि मार निम्मा. कारण या गेममध्ये शत्रूचा एक गुण जीव उरला असला, तरी त्याची तलवार तेवढीच जोरात चालते.

म्हणून एकाला धरा, संपवा, मग पुढच्याकडे वळा. सुरुवात जादूगार आणि धनुर्धाऱ्यांपासून करा. त्यांचा जीव कमी असतो आणि त्रास जास्त.

मारता येत नसेल, तर शत्रूची पाळी वाया घालवा. 'ग्रीस' मंत्रानं जमीन तेलकट होते, शत्रू घसरून पडतात. माणसांसारख्या शत्रूवर 'होल्ड पर्सन' लागला, की तो जागच्या जागी थिजतो आणि जवळून लागलेला प्रत्येक वार दुप्पट फाशांचा बसतो.

जमीन हेसुद्धा हत्यार आहे

प्रत्येक टर्नला एक मुख्य कृती, एक जादा कृती आणि चालायला ठराविक अंतर मिळतं. जादा कृती तशीच सोडून टर्न संपवणं, ही नव्या खेळाडूंची नेहमीची चूक. औषधाची बाटली पिणं, उडी मारणं आणि शत्रूला ढकलणं, ही तिन्ही कामं जादा कृतीत होतात.

त्यातही ढकलणं भारी आहे. कड्याच्या टोकाला उभा असलेला शत्रू एका धक्क्यात खाली जातो, मग त्याचा जीव कितीही असो. तोटा एवढाच की खोल दरीत पडलेल्याच्या अंगावरचा माल मिळत नाही.

पाण्याचंही तसंच. शत्रूवर पाण्याची बाटली फेकली की तो ओला होतो, आणि ओल्या शत्रूला विजेचा किंवा थंडीचा मार दुप्पट लागतो. पण त्याच शत्रूवर आगीचा मंत्र टाकला, तर निम्माच परिणाम होतो. म्हणजे आधी पाणी आणि मग आग, हा क्रम मंत्र वाया घालवणारा.

पहिल्या भागातली मोठी कोळीण हे याचं चांगलं उदाहरण. ती जमिनीखालच्या गुहेत जाळ्यांच्या पुलांवरून फिरते. समोरासमोर लढलं तर ती आणि तिची पिल्लं मिळून पार्टी संपवतात. पण ती जाळ्यावर उभी असताना ते जाळंच जाळलं, तर ती थेट खाली आपटते. तिची अंडी लपतछपत आधीच फोडली, तर पिल्लांचा प्रश्नही मिटतो.

गोब्लिनांचा तळ : सगळे नियम एकाच ठिकाणी

पहिल्या भागातलं मुख्य काम म्हणजे गोब्लिनांचे तीन म्होरके संपवणं. पुजारीण गट, ड्रॉर रॅगझलिन आणि मिंथारा. जवळच्या वनात एल्टुरेल शहरातून आलेल्या टिफ्लिंग निर्वासितांनी आसरा घेतलाय. हे म्होरके उरले, तर त्या वनावर हल्ला होणार. त्यात लहान मुलंसुद्धा आहेत.

नवा खेळाडू दारातूनच तलवार उपसतो आणि अख्खा तळ अंगावर घेतो. इथं कामाला येतो तो गनिमी कावा.

अंगणात गोब्लिन दारू पीत बसलेले असतात. त्या दारूत विष मिसळता येतं. गट ही पुजारीण तुमच्याशी एकांतात बोलायला तयार होते. तिच्यासोबत खोलीत जायचं आणि तिथंच तिचा निकाल लावायचा. मिंथाराच्या आसपास खोल दरी आहे. रॅगझलिनच्या दरबारात वरती लाकडी तुळया आहेत. तिथं धनुर्धारी आधीच चढवता येतो.

आणखी एक सवय लावून घ्या. संशयास्पद माणसाशी बोलायला चौघांनी एकत्र जायचं नाही. गट सोडवून एकालाच पुढं पाठवायचं आणि बाकीचे तीन जण उंचावर, पांगून उभे करायचे. बोलणं फिसकटलं तरी तुमची माणसं जागेवर असतात. लपून पहिला वार साधला, तर बेसावध शत्रूची पहिली पाळीच बुडते.

झोपायचं कधी, धावायचं कधी?

डोक्यात किडा आहे आणि वेळ कमी आहे, असं कथा सतत बजावते. त्यामुळे अनेकजण तळावर मुक्कामच करत नाहीत. मंत्र संपलेले, जीव अर्धा, तशीच पार्टी पुढं रेटतात आणि मरतात. खरं तर मुक्काम केल्यानं तुम्ही माइंड फ्लेयर होत नाही. उलट सोबत्यांच्या कथा रात्रीच्या मुक्कामातच उलगडतात. साध्या पातळीवर पूर्ण विश्रांतीला ४० शिधा लागतो आणि वाटेत तो भरपूर सापडतो.

पण सगळीच कामं थांबत नाहीत. वॉकीन्स रेस्ट या सराईला आग लागलेली दिसते. ती बघून तुम्ही झोपायला गेलात, तर आत अडकलेली माणसं सकाळी जिवंत नसतात. ग्रिमफोर्जमध्ये विषारी वायूत अडकलेल्यांचंही तेच. आग, विष किंवा कोंडलेला माणूस डोळ्यांनी दिसला, की ते काम आधी. बाकी कामं थांबतात.

कामं बिघडतात ती अशा ठिकाणी

पवनचक्कीला बांधलेला बार्कस नावाचा बुटका सोडवायचा असेल, तर तिथला पर्याय नीट वाचा. ब्रेक लावायचा असतो. 'ब्रेक सोडा' दाबलं, तर चक्की आणखी जोरात फिरते आणि तो बिचारा हवेत भिरकावला जातो.

दुसऱ्या भागात लास्ट लाइट इन नावाची सराई आहे. इझोबेल तिथं वरच्या मजल्यावर भेटते. तिच्याशी बोलणं संपतं न संपतं तोच तिला पळवायला शत्रू येतात. ती पडली तर सराईवरचं संरक्षण जातं आणि तिथली बहुतेक माणसं शापाच्या अंधारात संपतात. ज्या निर्वासितांना पहिल्या भागात एवढं झगडून वाचवलं, त्यातलेही. म्हणून तिच्याशी बोलायच्या आधी मुक्काम करा, सेव्ह करा आणि चौघांना त्याच खोलीत आणून उभं करा.

याच भागात थॉर्म घराण्यातले तिघे भयंकर शत्रू भेटतात. टोलनाक्यावरची गेरिंगोथ, दारूभट्टीतला थिसोबाल्ड आणि रुग्णालयातला मेलस. तिघांनाही नुसत्या बोलण्यानं संपवता येतं. त्यासाठी पार्टीत एक गोड बोलणारा हवा आणि त्याच्यावर 'गायडन्स' मंत्र. तो कौशल्याच्या प्रत्येक फाशात १ ते ४ गुण वाढवतो.

पार्टी तरीही पडली तर?

पडलेला सोबती लगेच मरत नाही. मरायला त्याचे तीन फासे उलटे पडावे लागतात. तोवर 'हेल्प' करून त्याला उठवता येतं. औषधाची बाटली जवळजवळ पडलेल्या दोघांच्या मध्ये फेकली, तर एकाच बाटलीत दोघे उठतात. मेलेल्याला विदर्स नावाचा सांगाडा तळावर २०० सोन्याच्या नाण्यांत परत आणतो. सोबत्याचा वर्ग चुकीचा निवडला असं वाटलं, तर तोच १०० नाण्यांत बदलून देतो.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'ऑनर मोड'मध्ये मात्र एकच सेव्ह असतो. मागं जाऊन निर्णय बदलता येत नाही. पार्टी पूर्ण मेली की तो डाव ऑनर मोड म्हणून तिथंच संपला. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. मधली 'बॅलन्स्ड' पातळी निवडावी, एफ ५ दाबून वारंवार सेव्ह करावं आणि लढाईला तोंड फोडण्याआधी एक मिनिट कॅमेरा फिरवून बघावं. उंच जागा कुठं आहे, कडा कुठं आहे, शत्रूचा जादूगार कुठं उभा आहे. एवढं बघून जो क्लिक करतो, त्याचाही वार कधीतरी हुकतो. पण एका हुकलेल्या वारानं त्याची अख्खी पार्टी मरत नाही.