बाळंतपण ही सरकारची मेहेरबानी नव्हे, आईचा हक्क आहे!

२७ मे आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून माता रमाईंचा स्मृतिदिन साजरा होतो. प्रतिमेला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटतात, त्रिशरण-पंचशील होते आणि वक्ते रमाईंच्या त्यागावर बोलतात. त्या भाषणांत एक वाक्य हमखास असते. रमाईंची चार लेकरे गेली! गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. श्रोते हळहळतात, आयाबाया डोळ्यांना पदर लावतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परंतु ही लेकरे का गेली, हा प्रश्न कोणी विचारतो का? पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. परळच्या बी.आय.टी. चाळीत संसार करणाऱ्या, घरखर्च भागवण्यासाठी शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या एका गरीब मातेची ही कहाणी आहे. तिचा नवरा पुढे या देशाची घटना लिहिणार होता, म्हणून काही दारिद्र्याने त्या घराला सूट दिली नाही.

राजरत्न गेला १९२६ च्या जुलै महिन्यात. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोकांचे कल्याण पाहणे हे मुळात सरकारचे काम असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याचबरोबर, जो मालक स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवतो तोही या जबाबदारीतून सुटू शकत नाही, हे त्यांनी सांगितले. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातला हा या प्रकारचा पहिला कायदा. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना खाणींत राबणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा प्रश्नही त्यांनी हाताळला. राज्यघटनेच्या कलम ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची आणि कलम ४७ मध्ये पोषण व सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी राज्यावर टाकण्यात आली.

सांगायचे तात्पर्य असे की, बाळंतपण हा बाबासाहेबांच्या दृष्टीने चुलीपाशी बोलायचा विषय नव्हता. तो राज्याच्या जबाबदारीचा, म्हणजेच हक्काचा विषय होता. मग शंभर वर्षे होत आली तरी त्याच मुंबईत, पुण्यात, नागपुरात, औद्योगिक शहरांच्या कडेला वसलेल्या झोपडपट्ट्यांत आपल्या लेकीसुनांची अवस्था काय आहे?

जन्म आणि मृत्यू, दोन दाखले एकाच दिवशी

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत आमचे दर रविवारी बुद्ध विहारात मोफत कायदा सल्ला केंद्र चालते. काही काळापूर्वी तेथे एक तरुण आला. मराठवाड्यातून आलेला, नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा. त्याला दोन दाखले हवे होते. मुलीच्या जन्माचा आणि त्याच मुलीच्या मृत्यूचा. मुलगी तीन दिवस जगली होती.

त्याची बायको चार घरची धुणीभांडी करायची. सातव्या महिन्यात गावी गेली होती, तेथे तिचे नाव घातले, कार्ड निघाले. पण गावात खायला नाही म्हणून आठव्यात ती परत मुंबईला आली. रात्री कळा सुरू झाल्या. ज्या रुग्णालयात नेले तेथे पहिला प्रश्न आला, "इथे नाव घातलंय का?" दुसरा प्रश्न, "आधीचे रिपोर्ट कुठे आहेत?" गावचे कार्ड दाखवले तर ते चालणार नाही असे सांगण्यात आले. खाट नाही, दुसरीकडे न्या, असे तोंडी सांगितले. कागदावर एक अक्षर लिहून दिले नाही. दुसऱ्या रुग्णालयाच्या वाटेवर ती रिक्षातच बाळंत झाली. बाळ अशक्त होते, वजन कमी होते. तिसऱ्या दिवशी गेले.

मी त्याला म्हणालो, आपण तक्रार करू, न्यायालयात जाऊ. तो म्हणाला, "वकीलसाहेब, केस लढत बसलो तर हजेरी बुडंल, अन् लेकरू तर काही येत नाही." त्याला दाखले मिळवून दिले. तो गेला. मात्र मी त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून काढू शकलेलो नाही. कारण त्या रात्री ज्यांनी तिला परत पाठवले, त्यांनी केवळ माणुसकी सोडली नव्हती, कायदाही मोडला होता. आणि हे त्या तरुणाला कोणी कधी सांगितले नव्हते. आपणही नाही.

सरासरीच्या आड लपलेली आई

सरकारी आकडे पाहिले तर सारे ठीक दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होतात. २०१८-२० या काळात राज्याचा माता मृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, म्हणजे देशाच्या ९७ या आकड्यापेक्षा खूप कमी. ही प्रगती खोटी नाही. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आणि सुमारे ३६ टक्के मुलांचे वजन कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातील ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच स्थिती आहे. आई रुग्णालयापर्यंत पोहोचली म्हणजे ती आणि तिचे बाळ सुदृढ झाले असे होत नाही.

शिवाय शहराची सरासरी म्हणजे टॉवरमधली आई आणि डम्पिंगच्या कडेची आई यांची बेरीज करून केलेला भागाकार. गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, देवनार ज्या एम-पूर्व विभागात येतात, तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यांत तळाला होता. खेड्यातल्या बाईला दवाखाना लांब असतो. शहरातल्या गरीब बाईला दवाखान्याची इमारत खिडकीतून दिसते, पण आत जाण्यासाठी कागद लागतो, पुरावा लागतो आणि कामाचा खाडा करावा लागतो. तिची तपासणी सकाळी असते आणि सकाळी तिला चार घरची भांडी घासायची असतात. नळ नसलेल्या वस्तीत ती पोटुशी असताना हंडे वाहते. बाळंत झाल्यावर पंधराव्या-विसाव्या दिवशी कामावर हजर होते, नाहीतर घर सुटते, म्हणजे काम सुटते. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचे दूध पाजा. ती पाजणार कशी? ती दुसऱ्याच्या घरी लादी पुसत असते आणि तिचे तान्हे बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर चहात बुडवलेले बिस्कीट चोखत असते. मग अंगणवाडीत वजन कमी भरले की दोष कोणाला? अडाणी आईला!

संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्याचे स्वागतच आहे. पण हा लाभ दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता. घरकाम करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावरची, फेरीवाली, घरी बसून माळा ओवणारी बाई त्यात कोठे आहे? आणि या बाया कोणत्या समाजातून येतात, हे मी आपल्या वाचकांना सांगायला हवे काय?

कायदा काय सांगतो?

आपल्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी तोंडपाठ कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा सरकारी रुग्णालयाने केलेला कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येत नाही.

दुसरी. दिल्लीत एक गरीब माता बाळंतपणानंतर मृत्यू पावली आणि दुसरी उघड्यावर झाडाखाली बाळंत झाली. या प्रकरणांत दिल्ली उच्च न्यायालयाने ४ जून २०१० रोजी निकाल दिला. सामाजिक वा आर्थिक स्थिती कोणतीही असो, गरोदर स्त्रीला उपचार नाकारता येणार नाहीत आणि गरिबी सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर टाकता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तिसरी. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. आजारी अर्भकाचे उपचारही त्यात आले.

चौथी. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४ प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहार आणि किमान ६ हजार रुपये देण्याचे वचन देते. सरकारी नोकरीतील वा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या आहेत. पण २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती पहिल्या अपत्यापुरती आणि ५ हजारांची. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६ हजार, अशी भर पडली. कायदा म्हणतो प्रत्येक मातेला आणि योजना म्हणते अटी लागू! १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाची साधने लोकांना मिळावीत असा ठराव बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणला, तो स्त्रीला बाळंतपणाच्या ओझ्यातून सोडवण्यासाठी. तिसरे मूल झाले म्हणून उपाशी आईला शिक्षा करण्यासाठी नव्हे.

पाचवी. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री मजुरांना प्रसूती लाभ मंजूर केला. रोजंदारीची बाई ही कायम बाईपेक्षा कमी आई नसते, हाच त्या निकालाचा अर्थ. ठेकेदारी पद्धतीने झाडू मारणाऱ्या आपल्या भगिनींनी हा निकाल जपून ठेवावा.

सहावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार, ज्या झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी सुरू झाली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना त्यात प्राधान्य आहे. आपल्यापैकी किती मंडळांनी असा अर्ज केला आहे?

आपलेही चुकते

सरकारला जाब विचारताना स्वतःलाही विचारला पाहिजे. आम्ही पुरुष कार्यकर्ते जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, डी.जे., कमानी, स्टेजवर कोण बसणार यावर रात्र-रात्र बैठका घेतो. वस्तीत आज किती बाया गरोदर आहेत, त्यांतल्या कितींचे नाव दवाखान्यात घातले आहे, हे एका तरी अध्यक्षाला माहीत असते काय? 'तो बायकांचा विषय' असे म्हणून आपण बाजूला होतो. घरात मात्र सून शेवटी जेवते, तेही उरलेले. लोहाच्या गोळ्या फळीवर धूळ खात पडतात. मुलगी अठराची होताच लग्न उरकले जाते. बुद्धाच्या धम्मात करुणा आहे, मैत्री आहे. ती वंदनेपुरती ठेवून कसे चालेल?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. त्या वहीत महिला मंडळाने वस्तीतील प्रत्येक गरोदर बाईचे नाव लिहावे. ती कोणत्याही जातिधर्माची, कोणत्याही प्रांतातून आलेली असो. तिसरा महिना संपण्याआधी तिचे नाव दवाखान्यात घातले जाईल हे पाहावे. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना विहारात बोलवावे. त्याही तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आपल्याच भगिनी आहेत, त्यांच्याशी भांडू नये. आधार, बँक खाते, जातीचा दाखला ही कागदपत्रे आधीच तयार करून द्यावीत. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा गावाहून आणावा लागतो, तो नवव्या महिन्यात मिळत नाही. रात्री-अपरात्री सोबत जाणाऱ्या दोन बाया आणि एक रिक्षावाला ठरवून ठेवावा, १०८ क्रमांक भिंतीवर लिहावा. आणि रुग्णालयाने 'घेत नाही' म्हटले, तर शांतपणे एकच सांगावे, "हे आम्हाला लिहून द्या, वेळ टाका आणि सही करा." बहुतेक वेळा पेन उचलण्याऐवजी दार उघडले जाते, हा माझा अनुभव आहे. तरीही नकार आलाच, तर वकील आपल्या समाजात आता कमी नाहीत.

आमच्या विहारात ही वही सुरू झाली आहे. आज त्यात अकरा नावे आहेत. त्या तरुणाची बायकोही पुन्हा गरोदर आहे आणि तिचे नाव त्या वहीत पहिले आहे.

येत्या २७ मे रोजी रमाईंच्या प्रतिमेला हार घालताना आपल्या वस्तीतल्या वहीत किती नावे आहेत, ते व्यासपीठावरून जाहीर करा. चार लेकरे गमावलेल्या त्या माउलीला याहून वेगळे अभिवादन काय असू शकते?

जय भीम!