जुनी शस्त्रे : अस्सल गंज आणि नवी झिलई

जुन्या लष्करी बंदुकीचे मोल ठरवताना जाणकार आधी लोखंडाचा वरचा थर पाहतात. नळीवरची निळसर-काळी झिलई म्हणजे मॅग्नेटाइट, लोहाचे ऑक्साइड. तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. कारखान्यातल्या कानशीच्या बारीक रेघा आणि हात फिरून गुळगुळीत झालेल्या जागा या थरातच वाचता येतात. तो एकदा घासून काढला की नवी झिलई चढवता येते, जुना पुरावा मात्र परत मिळत नाही.

जुना थर जपावा की घासावा, या प्रश्नाचा मराठी इतिहासाशी जवळचा संबंध असलेले ठिकाण चेन्नईत आहे. एग्मोरचे सरकारी संग्रहालय १८५१ मध्ये स्थापन झाले. तिथल्या शस्त्रदालनात तंजावरच्या भोसले राजांच्या शस्त्रागारातील कट्यारी, तलवारी आणि अंकुश आहेत. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने राज्याचा कारभार गुंडाळला. १८६३ मध्ये शस्त्रागारातील बराचसा साठा मोडीत निघाला, निवडक वस्तू तेवढ्या मद्रासला आल्या. वॉलहाउस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये ही हकीकत लिहून ठेवली. मोड म्हणून लोखंड वजनावर गेले. वाचलेल्या कट्यारींच्या मुठींवर कोरलेले व्याल आज कारागिरीचा नमुना म्हणून अभ्यासले जातात. तो अभ्यास कोरीवकामाच्या कडा शाबूत राहिल्या म्हणूनच शक्य आहे. दक्षिणेतील उक्कू पोलादावर लाटांसारखी नक्षी असते. चकचकीत पॉलिशखाली ती दिसेनाशी होते.

गंज तसाच ठेवावा, असा याचा अर्थ नव्हे. चेन्नईच्या दमट खाऱ्या हवेतील क्लोराइड लोखंडात शिरते आणि आतून पोखरत राहते. असा जिवंत गंज थांबवावाच लागतो. घट्ट बसलेला, न वाढणारा तपकिरी थर ही वेगळी गोष्ट. त्याला हात लावू नये. हा फरक ओळखणे हेच संवर्धकाचे खरे काम. एग्मोरच्या संग्रहालयात रासायनिक संवर्धनाची प्रयोगशाळा १९३० पासून आहे आणि डॉ. एस. परमशिवन यांनी तिथे धातूंच्या वस्तूंवर विद्युतरासायनिक उपचारांचे काम केले.

पुन्हा झिलई दिलेली बंदूक ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मूळच्या धारदार कडा गोलसर होतात, शिक्क्यांची अक्षरे पसरट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशीही काळी झिलई दिसली तर ती गंजानंतर चढवलेली, हे उघड आहे. दस्ता घासलेला असेल तर लाकूड लगतच्या धातूच्या कडेपेक्षा खाली गेलेले असते. काळा रंग म्हणजे अस्सल, असेही मानू नये. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश मस्केटांच्या नळ्या मुळात उजळ असत.

इथे एक महत्त्वाचा अपवाद आहे. पश्चिम बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफील्ड रायफली तयार झाल्या. वापरून झिजलेल्या रायफली कारखान्यातच पूर्ण उघडून दुरुस्त होत आणि त्यांना पुन्हा झिलई दिली जाई. अशा रायफलींवर 'एफटीआर' ही अक्षरे आणि साल उमटवलेले असते. ही झिलई नंतरची असली तरी सैन्याच्याच सेवेतली आहे, म्हणून ती रायफलीच्या इतिहासाचा भाग ठरते. विक्रेत्याने गिऱ्हाइकासाठी चढवलेल्या चमकेला तो मान मिळत नाही, आणि मिळूही नये.

भारतात जुन्या शस्त्रांचा व्यवहार कायद्याच्या चौकटीतच होतो. चालू स्थितीतील बंदुकीला १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना लागतो. शंभर वर्षांहून जुनी शस्त्रे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि खाजगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत.

अनेक मराठी घरांत खंडेनवमीला वाडवडिलांची शस्त्रे पूजेला निघतात. त्यांना विटकरीची पूड, चिंच किंवा पॉलिशपेपर लावू नये. ओले हळदकुंकू पात्यावर राहू देऊ नये. पूजा झाल्यावर कोरड्या मऊ फडक्याने शस्त्र पुसावे, कोरड्या जागी ठेवावे आणि गंज भुकटीसारखा गळताना दिसला तर संग्रहालयातील संवर्धकाला दाखवावे.