लूप दिसला, पण चुंबक कोणाचा?

नागपूरच्या मे महिन्यात आपण तोंडाला जे पांढरं सनस्क्रीन फासतो ना, त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये झिंक ऑक्साइड असतं. आणि आपल्या रामटेककडे, मनसर-कांद्रीच्या खाणींत मँगनीज निघतं. झिंक ऑक्साइड चुंबकाला चिकटत नाही, शुद्ध मँगनीजही नाही. पण पहिल्यात दुसरं थोडंसं मिसळलं, म्हणजे डोपिंग केलं, तर चुंबक मिळतो असं २००० नंतर बऱ्याच लॅब म्हणायला लागल्या.

माझं बीटेक मटेरिअल्सचं, नोकरी सॉफ्टवेअरची. (हसू नका, अर्धी बॅच तशीच आहे.) फायनल इयरला आमचा प्रोजेक्ट हाच होता. मॅग्नेटोमीटरच्या ग्राफवर बारीकसा लूप दिसला, तो म्हणजे लोहचुंबकत्वाची सही, आणि त्याच संध्याकाळी तर्री-पोह्याची पार्टी. व्हायवाला परीक्षकांनी एकच विचारलं: "पावडर खरवडली कशानं?"

स्टीलच्या चमच्यानं, बाप्पा.

त्या प्रश्नाकडे परत येऊ. आधी एवढी धडपड कशासाठी ते बघू. आजची चिप इलेक्ट्रॉनचा चार्ज वापरते. त्याचा स्पिनही वापरता आला, तर हिशोब आणि मेमरी एकाच मटेरिअलमध्ये बसवता येईल. त्यासाठी रूम टेंपरेचरला चुंबक राहणारा सेमीकंडक्टर हवा. २००० मध्ये टोमाझ डीट्ल आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये गणित मांडलं: झिंक ऑक्साइडमध्ये ५ टक्के मँगनीज आणि भरपूर 'होल' असतील, तर जमेल. होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. मँगनीजच्या प्रत्येक आयनवर ५ एकटे इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे प्रत्येक आयन छोटा चुंबक. पण ते एकमेकांपासून लांब बसलेले. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करावं, हा निरोप होलनी पोचवायचा. गोची अशी, की झिंक ऑक्साइडमध्ये मुळात जास्तीचे इलेक्ट्रॉन असतात, आणि होल टिकवणं महाकठीण.

तरी २००३ मध्ये 'नेचर मटेरिअल्स'मध्ये रूम टेंपरेचरच्या वरचं चुंबकत्व छापून आलं, तेही कमी तापमानाला भाजलेल्या मँगनीज-झिंक ऑक्साइडमध्ये. मग २००४ मध्ये त्याच जर्नलमध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या गटाचा पेपर आला. त्यात होते सतीशचंद्र ओगले, आपल्या पुणे विद्यापीठाच्या फिजिक्समधले, पुढे एनसीएल आणि आयसरमध्येही. मला हा पेपर भारी आवडतो, कारण त्यांनी सरळ डिबगिंग केलं. मँगनीज ऑक्साइड आणि झिंक ऑक्साइडचे पातळ थर एकावर एक ठेवले, तापवले, आणि कोण कोणात शिरतं ते पाहिलं.

निघालं उलटंच! कमी तापमानाला मँगनीज झिंक ऑक्साइडमध्ये नीट विरघळतच नाही. झिंक मँगनीजच्या ऑक्साइडमध्ये घुसतं, आणि तिथे एक वेगळाच, अर्धवट टिकणारा फेज बनतो. चुंबक तो. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा त्याला सावरून धरतात. सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, की तो मोडतो आणि चुंबकत्व संपतं. म्हणजे लूप खरा होता, पण क्रेडिट चुकीच्या मटेरिअलला गेलं होतं.

सगळ्या केस इतक्याही सरळ नसतात. कोबाल्ट टाकलं, तर धातूचे बारीक गोळे जमून तेच चुंबक बनू शकतात. काही जण सगळं श्रेय ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांना देतात, त्यावर वाद आहेतच. सिग्नल इतका बारीक, की कोणीही फसावं. हाफ्निअम ऑक्साइडवर असाच गाजावाजा झाला होता. २००५ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी दाखवलं, की स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यानं सॅम्पल धरलं तरी तसला सिग्नल येतो.

म्हणून तो चमच्याचा प्रश्न. आम्ही प्लास्टिकचा चमचा घेऊन पावडर पुन्हा बनवली. लूप गेला. रिपोर्टमध्ये दोन्ही ग्राफ शेजारी-शेजारी लावले, आणि पार्टीचे पैसे काही कोणी परत मागितले नाहीत.