लुसैलची रात्र आणि ट्रॅकची पकड

मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील युरोपीय ट्रॅकना त्या त्या गावाचा इतिहास आणि पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या प्रेक्षकांची परंपरा लाभलेली असते; कतारची राजधानी दोहा हिच्या उत्तरेस, सपाट वाळवंटात उभारलेल्या लुसैलच्या ट्रॅकला यांपैकी काहीच वारशाने मिळाले नाही. वर्षभराच्या आत बांधून झालेला हा ५.३८ किलोमीटर लांबीचा ट्रॅक २००४ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला तेथे पहिली ग्रांप्री, म्हणजे जागतिक मालिकेत गुण मिळवून देणारी अधिकृत शर्यत, पार पडली. ट्रॅकभोवतीची हिरवळ कृत्रिम आहे, ती वाऱ्याबरोबर येणारी वाळू अडवण्यासाठी अंथरलेली आहे. रात्रीचा उजेडही अर्थातच विकत घेतलेला आहे. एवढे सगळे घडवून झाल्यावरही जी गोष्ट कोणत्याही खर्चाने कायमची बसवता आली नाही ती म्हणजे टायर आणि डांबर यांच्यामधली पकड. लुसैलची शर्यत प्रत्यक्ष पाहणाऱ्याला ती समजते की नाही, हे बहुतांशी या पकडीकडे त्याचे लक्ष आहे की नाही यावरच ठरते.

शर्यतीचा कार्यक्रम तीन दिवसांचा असतो. मोटो-३ या गटात २५० सीसीच्या एक सिलिंडरच्या गाड्या धावतात, मोटो-२ मध्ये सर्वांना ट्रायम्फचे ७६५ सीसीचे एकसारखे इंजिन दिलेले असते, आणि मोटोजीपी या सर्वोच्च गटात अलीकडच्या वर्षांत १००० सीसीच्या, केवळ शर्यतीसाठीच तयार केलेल्या आणि दुकानात विकत न मिळणाऱ्या गाड्या धावत आल्या आहेत. शुक्रवारी सराव, शनिवारी आरंभस्थाने ठरवणारे पात्रता सत्र आणि २०२३ पासून त्याच दिवशी निम्म्या अंतराची ‘स्प्रिंट’ शर्यत, तर रविवारी २२ फेऱ्यांची मुख्य शर्यत, असा क्रम असतो. मुख्य शर्यतीच्या विजेत्याला २५ गुण मिळतात, स्प्रिंटच्या विजेत्याला १२.

नवखा प्रेक्षक शुक्रवारचा सराव वगळून थेट रविवारी यावे असा विचार करतो, परंतु वाळवंटातील ट्रॅकवर सर्वांत बोलका दिवस शुक्रवारच असतो. रात्रभर वाहत आलेली बारीक वाळू डांबरावर पसरलेली असते आणि पहिले स्वार बाहेर पडतात तेव्हा वेळा मंद येतात. मग गाड्या जशा एकाच मार्गाने, ज्याला रेसिंग लाइन म्हणतात त्या रेषेवरून, पुन्हा पुन्हा जाऊ लागतात तशी तेवढ्या पट्ट्यातील वाळू उडून जाते, टायरचे रबर डांबरावर बसत जाते आणि सत्रागणिक फेरीचा वेळ खाली येतो. त्या पट्ट्याबाहेर मात्र वाळू तशीच राहते. पुढच्याला गाठण्यासाठी जो स्वार रेषा सोडून बाहेरून जातो त्याच्या पुढच्या चाकाखालचा भरवसा एकदम कमी होतो, आणि म्हणून येथे ओलांडण्याचा निर्णय इतर ठिकाणांपेक्षा महागात पडू शकतो.

ही वाळू किती निर्णायक ठरू शकते याचा पुरावा पहिल्याच वर्षी मिळाला. २००४ मध्ये व्हॅलेंटिनो रोसी याच्या चमूने शर्यतीआधी त्याच्या आरंभस्थानावर स्कूटरचे चाक जागच्या जागी फिरवून रबर उमटवले, जेणेकरून सुटताना मागचे चाक वाळूवर घसरणार नाही. मॅक्स बियाजी याच्या चमूनेही त्याची जागा साफ केली होती. प्रतिस्पर्धी चमूने तक्रार केल्यावर दोघांनाही आरंभाच्या रांगेत अगदी मागे पाठवण्यात आले. रोसी मागून झपाट्याने वर आला आणि पडला, तर सेते जिबेर्नाऊ जिंकला. काही हातभर जागेच्या झाडलोटीवरून जागतिक विजेत्याला शेवटच्या रांगेत जावे लागणे हे हास्यास्पद वाटेल, पण त्या जागेची किंमत ओळखूनच तक्रार झाली होती हे विसरता येत नाही.

पहिली काही वर्षे शर्यत दिवसा होत असे. २००८ मध्ये ९ मार्चला लुसैल येथे या मालिकेच्या इतिहासातील पहिली रात्रीची शर्यत झाली, आणि ती केसी स्टोनर याने जिंकली. त्यासाठी मस्को या अमेरिकी कंपनीने सुमारे १००० खांबांवर आणि आधारांवर ३६०० दिवे बसवले होते व ४४ जनित्रे मिळून १३ मेगावॅट वीज पुरवत होती. उन्हाच्या त्रासातून सुटका हे रात्रीच्या शर्यतीचे एक कारण. दुसरे कारण युरोपातील दूरचित्रवाणी, कारण कतारची रात्र ही युरोपची संध्याकाळ असते. या ट्रॅकवरचे स्टँड बरेचदा विरळ भरलेले दिसत आले आहेत, आणि ही शर्यत मुळात कॅमेऱ्यासाठी उजळलेली आहे असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही. मात्र दिव्यांची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली होती: ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या स्वाराच्या डोळ्यांत प्रकाश थेट शिरू नये आणि त्याच्या समोर सावल्यांचे पट्टे पडू नयेत, याची काळजी घेऊन परावर्तक बसवलेले होते.

रात्रीने उन्हाचा प्रश्न सोडवला आणि दवाचा प्रश्न उभा केला. पर्शियन आखात जवळच असल्याने सूर्यास्तानंतर हवेतील ओलावा वाढतो, डांबर वेगाने थंड होते आणि रात्र चढेल तसे ट्रॅकवर दव धरू लागते. २००८ मध्ये मुख्य शर्यत रात्री अकराच्या सुमारास सुरू झाली होती; पुढे दवाचा अनुभव घेऊन ती वेळ अलीकडे ओढण्यात आली, आणि २०२४ व २०२५ मध्ये शर्यत स्थानिक वेळेनुसार रात्री आठला, म्हणजे भारतात साडेदहाला सुरू झाली. दुपारच्या तापलेल्या डांबरावर मिळालेला फेरीचा वेळ रात्रीच्या शर्यतीसाठी फारसा उपयोगी पडत नाही, हेही याच कारणाने.

पाऊस पडला तर पंचाईत आणखी वाढते, कारण ओल्या पृष्ठभागावरून दिव्यांचे प्रतिबिंब उसळून स्वाराला पुढचे दिसेनासे होते. वाळवंटात पाऊस कुठून, असे म्हणणाऱ्यांना २००९ ने उत्तर दिले: रविवारी पाऊस आला आणि मोटोजीपीची शर्यत सोमवारी घ्यावी लागली. २०१७ मध्ये तर पात्रता सत्रच रद्द झाले आणि सरावातील वेळांवरून आरंभस्थाने ठरली.

प्रेक्षकाने बसावे कुठे, हा प्रश्न ट्रॅकच्या आराखड्यावरून सुटतो. उजवीकडची १० आणि डावीकडची ६ अशी एकूण १६ वळणे आहेत, आणि १,०६८ मीटरचा सरळ पट्टा मुख्य प्रेक्षागारासमोरून जातो. या पट्ट्यावर २०२१ मध्ये योहान झार्को याच्या डुकाटीने ताशी ३६२.४ किलोमीटरचा वेग गाठला होता, तो त्या वेळचा उच्चांक होता. पुढच्या गाडीने हवा बाजूला सारल्यामुळे मागच्या गाडीला कमी विरोध होतो, याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. तिचा फायदा घेऊन मागचा स्वार पट्ट्याच्या शेवटी बाजूला येतो आणि पहिल्या वळणाआधी दोघेही शक्य तितक्या उशिरा ब्रेक लावतात. प्रेक्षागारातून पहिल्या वळणाकडे पाहिले तर त्या क्षणी गाडीचे मागचे चाक जमिनीवरून उचलले गेल्याचे, आणि कधी ते बाजूला डोलताना दिसते. स्वाराचे उभे राहिलेले शरीर स्वतःच हवेत अडथळा बनून गाडी थांबवण्यास मदत करते. शेवटच्या वळणावरून पट्ट्यावर कोण आधी वेग घेतो याला तर फारच महत्त्व: २०१८ मध्ये आंद्रेआ डोव्हिझिओझो याने मार्क मार्केझला ०.०२७ सेकंदाने, तर २०१९ मध्ये ०.०२३ सेकंदाने हरवले.

एक फेरी साधारण १ मिनिट ५२ सेकंदांची, त्यामुळे एका जागी बसलेल्याला शर्यतीचा बहुतांश भाग पडद्यावरच पाहावा लागतो. कानांत बोळे हवेतच, कारण चार सिलिंडरच्या इंजिनांचा आवाज छपराखाली कोंडून कित्येक पटींनी जाणवतो. वाळवंटातील रात्र मार्चमध्येही वाऱ्यामुळे अनपेक्षित गार होते, हे मुंबईहून जाणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

निकाल मात्र स्टँडमधून नेहमी कळेलच असे नाही. पुढच्या टायरमधील हवेचा दाब ठरवून दिलेल्या किमान पातळीच्या वर, मुख्य शर्यतीच्या किमान ६० टक्के फेऱ्यांत राहिला पाहिजे, असा नियम आहे. गाड्यांच्या गर्दीत, पुढच्याच्या गरम हवेत टायर तापतो आणि दाब वाढतो. आघाडीवर एकटे असताना तो थंड राहून दाब उतरतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये माव्हेरिक विन्यालेस याने अनपेक्षितपणे आघाडी घेतली, मार्क मार्केझने त्याला पुन्हा मागे टाकले आणि विन्यालेस दुसरा आला. त्याची गाडी केटीएमची होती, ज्या कंपनीत पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये भागीदारी घेतली होती. शर्यतीनंतरच्या तपासणीत त्याच्या पुढच्या टायरचा दाब कमी भरला, १६ सेकंदांचा दंड झाला आणि तो चौदाव्या क्रमांकावर घसरला. दुसरे स्थान गेले फ्रान्चेस्को बान्याया याच्याकडे, ज्याने २०१६ मध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे मोटो-३ गटात मुंबईच्या महिंद्र कंपनीला तिचा पहिला ग्रांप्री विजय मिळवून दिला होता.